रोस्ट जमला की ट्रे कोरडा राहतो : बरगडीचं बीफ आणि वाइन ग्रेव्ही

इंग्लंडात आल्यावर पहिले तीन नाताळ मी हा रोस्ट घड्याळावर केला. अर्ध्या किलोला वीस मिनिटं आणि वर वीस, असा इथला जुना हिशेब. तिन्ही वेळा निकाल एकच: कडेला दोन बोटं राखाडी, चिवट मांस, मधोमध रुपयाएवढा गुलाबी ठिपका आणि ट्रेमध्ये मात्र वाटीभर रस. त्या रसाची ग्रेव्ही सुरेख व्हायची. चौथ्या वर्षी शेजारच्या बाई जेवायला होत्या. वय ऐंशीच्या पुढे, अख्खं आयुष्य यॉर्कशरमध्ये गेलेलं. त्यांनी ग्रेव्ही चाखली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "ग्रेव्ही फारच छान झालीय. मांसातलं सगळं हिच्यात आलंय."

टोमणाच होता, पण शंभर टक्के खरा. रोस्ट नीट झाला तर रस मांसातच राहतो आणि ट्रेमध्ये ग्रेव्हीपुरतं काही उरत नाही. म्हणजे ग्रेव्ही वेगळ्या हाडांची करायची आणि ती आदल्या दिवशीच करून ठेवायची. हे मान्य केलं की उरलेलं सगळं वेळापत्रक सांभाळण्याचं काम आहे.

खालचा हिशेब सहा-सात माणसांचा, तीन हाडांच्या, साधारण ३ किलोच्या तुकड्याचा आहे. एका हाडामागे दोन माणसं धरायची; इंग्रज पाहुणे असतील तर थोडं सढळ हाताने.

खाटकाकडे काय मागायचं

जनावराला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. खांद्याकडून मोजत गेलं की सहावी ते बारावी हा जो पट्टा येतो, अमेरिकेत त्याचाच स्टँडिंग रिब रोस्ट होतो. हाडांवर उभा राहतो म्हणून स्टँडिंग. इंग्लंडात याच भागाच्या तुकड्याला फोर रिब म्हणतात (फोर म्हणजे पुढची, चार नव्हे). अमेरिकेतली मंडळी त्याला सरसकट प्राइम रिब म्हणतात, पण त्या नावाने फसू नका. प्राइम हा तिथल्या सरकारी प्रतवारीतला सगळ्यात वरचा दर्जा, त्याखाली चॉइस, मग सिलेक्ट. दुकानातल्या पाटीवर प्राइम रिब लिहिलं असलं तरी आतला माल चॉइस असू शकतो. शिक्का बघून घ्या.

या पट्ट्याची दोन टोकं वेगळी. खांद्याकडच्या टोकाला चरबी जास्त, आणि वरच्या बाजूने एक चंद्रकोरीसारखा मऊ स्नायू येतो, तो अख्ख्या जनावरातला सगळ्यात चवदार घास. कमरेकडचं टोक आखीव, गोल, कमी चरबीचं, कापायला सोपं. मी खांद्याकडचं घेतो. दिसायला ओबडधोबड असतं, पण दिसण्यासाठी कोण जेवतंय! मांसात पांढऱ्या चरबीची बारीक जाळी हवी आणि वर बोटभर चरबीचा थर. खाटकाला दोन गोष्टी सांगा: पाठीच्या कण्याचं हाड काढून टाका, आणि बरगड्या सोडवून पुन्हा सुतळीने जागच्या जागी बांधून द्या. भाजताना हाडं खालून मांसाचं रक्षण करतात आणि ताटात घ्यायच्या वेळी सुतळी कापली की हाडं अलगद बाजूला होतात. हे स्वतः करायला गेलात तर अर्धा तास आणि एखादं बोट जाईल.

त्याच फेरीत दीड किलो हाडं आणि शेपटीचे चार-पाच तुकडे घ्या. ग्रेव्ही यांचीच.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, तिथे मिळतं ते म्हशीचं मांस. वयस्क म्हशीची बरगडी या पद्धतीने भाजून मऊ होत नाही, तिला भांड्यात झाकून, पाण्यात तासन्‌तास शिजवावं लागतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आलं, लसूण, व्हिनेगर लावून भांड्यात शिजवतात त्या बीफ रोस्टची जातकुळी ती, आणि तो पदार्थही फर्मास असतो. पण हा तो नव्हे.

मीठ आधी, मसाला नाही

जेवणाच्या दोन दिवस आधी, निदान आदल्या सकाळी, तुकडा कागदी रुमालाने टिपून कोरडा करा आणि किलोला १० ग्रॅम या हिशेबाने मीठ चोळा. ३ किलोला ३० ग्रॅम. अंदाजाने नको, वजनकाटा घ्या. चरबीच्या थरावर सुरीने चौकटी पाडा, मांसापर्यंत न जाता, आणि मीठ त्या फटींतही जाऊ द्या. मग जाळीवर ठेवून, न झाकता, फ्रिजच्या खालच्या खणात.

पहिल्या तासाभरात मीठ पाणी ओढून घेतं आणि मांस घामेजल्यासारखं दिसतं. घाबरू नका, तेच खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. दुसऱ्या दिवशी वरचा पृष्ठभाग गडद, कोरडा, हाताला चामड्यासारखा लागतो. नेमका असाच हवा. ओलं मांस ओव्हनमध्ये गेलं की आधी ते पाणी उडवण्यातच उष्णता खर्ची पडते, आणि पाणी आहे तोवर तांबूस, खरपूस रंग येत नाही.

आपला हात इथे आलं-लसणाकडे जातो, माझाही गेला होता. पण एवढ्या जाड तुकड्यात वाटण वरच राहतं, आणि शेवटच्या कडक आचेत लसूण जळून कडू होतो. भाजायच्या आधी भरडलेली मिरी भरपूर लावा, पुरे. मसाल्याची हौस बटाट्यांवर भागवा.

ग्रेव्ही, आदल्या दिवशी

आपल्याकडे ग्रेव्ही म्हटलं की कांदा-टोमॅटोचं वाटण डोळ्यांसमोर येतं. ही ग्रेव्ही म्हणजे हाडांचा आटवलेला रस्सा. ज्यांनी पाया सूप केलंय त्यांना निम्मं काम आधीच येतं.

हाडं आणि शेपटीचे तुकडे ट्रेमध्ये पसरून २२० अंशांवर पाऊण तास भाजा, मध्ये एकदा उलटा. (इथून पुढे सगळे अंश सेल्सिअस. पंख्याचा ओव्हन असेल तर २० अंश कमी धरा.) रंग गडद तपकिरी हवा. काळा झाला तर मात्र कडवटपणा शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

तेवढ्यात जाड बुडाच्या स्टीलच्या मोठ्या पातेल्यात दोन कांदे, दोन गाजरं, सेलरीचा एक दांडा, असं सगळं जाडसर चिरून तेलात परता. कांदा गुलाबी होऊन थांबू नका, बिर्याणीच्या बरिस्त्याच्या एक पायरी अलीकडे न्या. सहा पाकळ्या लसूण, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. ती पेस्टसुद्धा विटकरी रंगाची होईपर्यंत परतायची, नाहीतर ग्रेव्हीला कच्चा आंबटपणा राहतो. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका. वाइनच्या आंबटपणाने ते खाल्लं जातं आणि रश्शाला धातूची चव येते.

आता वाइन. एक अख्खी बाटली, ७५० मिलिलिटर. मर्लो, शिराज किंवा दक्षिण फ्रान्सची साधी कोत द्यु रोन, यांतली कुठलीही कोरडी लाल. महागडी नको, कारण आटवल्यावर तिचं नाजूक काही उरत नाही. ओकच्या पिंपात फार मुरलेलीही नको, ती आटली की लाकूड चघळल्यासारखं लागतं. आणि कुकिंग वाइन नावाने मिळते तिच्याकडे बघूही नका, तिच्यात मीठ घातलेलं असतं आणि आपल्याला सगळं आटवायचं आहे.

वाइन तीन वेळा ओता. पहिला तिसरा भाग ओतून बुडाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडा, जवळजवळ आटू द्या. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी पातेल्यात वाटीभर, गडद, काकवीसारखं चकाकणारं काहीतरी उरतं. या वेळी पातेल्यावर नाक धरा. अल्कोहोलचा झणका नाकात घुसत असेल तर अजून पाच मिनिटं. वाइन रश्शाच्या आधी आटवायची याचं कारण एकदा चूक केल्यावर कळतं: पाण्यात मिसळल्यावर ती कितीही उकळली तरी तोंड आवळणारा तुरटपणा मागे राहतो.

भाजलेली हाडं आत टाका. ट्रेमध्ये उकळतं पाणी घालून तळाचं तांबूस खरवडून तेही ओता. वर २ लिटर पाणी, थाइमच्या चार काड्या, दहा मिरी, दोन बे लीफ. आपलं बिर्याणीचं तमालपत्र दिसायला भाऊबंद वाटलं तरी झाड वेगळं, वास दालचिनीकडे झुकणारा. ते घालू नका, नसलं तर नसू दे. मीठ अजिबात नाही.

मंद आचेवर चार तास. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, खळखळून उकळी नको. उकळीत चरबी रश्शात घुसळली जाते आणि तो गढूळ होतो. वर येणारा फेस काढत राहा. मग गाळा, गार करा, फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीची पांढरी चकती मिळेल आणि खाली खरवसासारखी थरथरणारी तपकिरी जेली. ती जेली म्हणजे हाडांमधल्या कोलॅजनचं जिलेटिन झालेलं, आणि ग्रेव्ही ओठांना जराशी चिकटते ती त्याच्यामुळे. दुकानातल्या चौकोनी ठोकळ्यांच्या स्टॉकला हे कधीच साधत नाही. चरबीची चकती फेकू नका, बटाट्यांना लागणार आहे.

दारूच्या बाबतीत पाहुण्यांना आधी सांगून टाका. शिजवल्यावर सगळं अल्कोहोल उडतं ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात अर्धा तास शिजवल्यावर ३५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के शिल्लक दाखवलं आहे. आपण चार तास शिजवतो, तरी शून्य म्हणवत नाही.

थर्मामीटर

सुया खुपसून, बोटाने दाबून, रस कुठल्या रंगाचा येतो ते बघून अंदाज बांधणारे लोक असतात. रोज वीस रोस्ट करणाऱ्याला ते जमतही असेल. वर्षातून दोनदा करणाऱ्याने सरळ थर्मामीटर घ्यावा. वायरने बाहेर जोडलेला, टोक मांसात खुपसून ठेवता येतं तसला. आणि घेतल्यावर तपासा: ग्लासभर बर्फात जेमतेम पाणी घालून टोक बुडवा, शून्य दाखवलं पाहिजे. माझा पहिला थर्मामीटर त्यात ५ अंश दाखवत होता, आणि हे मला कळलं ते एक महागडा तुकडा कच्चा कापल्यानंतर.

आकडे असे. मधोमध ५० च्या आसपास म्हणजे रेअर, लालच. ५४ ते ५७ मीडियम रेअर, सगळीकडे गुलाबी. ६० ते ६३ मीडियम. ७० च्या पुढे राखाडी, आणि त्यासाठी एवढे पैसे घालवण्यात अर्थ नाही. अमेरिकी कृषी खातं अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती सांगतं. जंतू मुख्यतः मांसाच्या बाहेरच्या बाजूला असतात, म्हणून बाहेरून नीट भाजलेला अख्खा तुकडा इथे आतून गुलाबी वाढतात. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं किंवा आजारी माणूस पानावर असेल तर मात्र त्यांचा तुकडा पूर्ण शिजवूनच द्या.

आणि ते लाल पाणी रक्त नव्हे. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून जातं. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा हा रंग. पाहुण्यांना हे जेवायच्या आधी सांगावं, जेवताना नाही.

त्या दिवशी

जेवण संध्याकाळी सातला धरू. ओव्हन १२० अंशांवर. साडेबाराला मांस फ्रिजमधून काढा, मिरी लावा, जाळीवर हाडं खाली करून ठेवा. थर्मामीटरचं टोक बरोबर मधोमध जाऊ द्या, हाडाला टेकता कामा नये. हाडाजवळचा आकडा मांसाचा नसतो. एकला आत.

यानंतर करण्यासारखं काही नाही, आणि हेच सगळ्यात अवघड. दार उघडू नका. वर रस शिंपडत बसू नका, त्याने कोरडा केलेला पृष्ठभाग पुन्हा ओला होतो. घराला तासभर कसलाच वास येत नाही, त्यामुळे ओव्हन चालू आहे की नाही अशी शंका येते. चालू असतो. ३ किलोला साडेतीन ते चार तास लागतात, पण ओव्हनाओव्हनात फरक असतो, म्हणून अडीच तासांपासून आकड्यावर नजर ठेवा. शेवटचे दहा अंश वाटतात त्यापेक्षा लवकर चढतात.

५० दिसले की बाहेर. साधारण पाच वाजलेले असतील. वर फॉइल सैलसर टाका, घट्ट गुंडाळू नका, नाहीतर वाफेने साल मऊ पडते. बाहेर काढल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं. मंद आचेत भाजलं म्हणून एवढंच; कडक आचेत भाजलेल्या तुकड्याचं सात-आठ अंशही चढतं, आणि माझे तीन नाताळ तिथेच वाया गेले होते. तुकडा दीड तास आरामात गरम राहतो. त्याच्या पोटात एवढी ऊब असते की थंड होईल ही भीती सोडून द्या.

या वेळेत ओव्हन रिकामा. तो २२० वर चढवा. अर्धवट उकडून, चाळणीत हलवून कडा खरबरीत केलेले बटाटे कालच्या चरबीत घोळवून आत टाका, पन्नास मिनिटं ते तासभर. यॉर्कशर पुडिंग (नावाला पुडिंग, पण गोड नसतं; रोस्टबरोबर खातात) करणार असाल तर अंडी, मैदा आणि दूध समान मापाने घेऊन घावनाच्या पिठाइतकं पातळ करा, तासभर ठेवा. मफिनच्या साच्यात चमचाभर चरबी धूर येईपर्यंत तापवा आणि पीठ ओता. चर्र असा आवाज आला नाही तर पुडिंग फुगणार नाही, सरळ सांगतो. वीस-पंचवीस मिनिटं, दार न उघडता.

आता ग्रेव्ही. जेली पातेल्यात वितळवून निम्म्यावर आणा, साधारण ६०० मिलिलिटर. दुसऱ्या पातेल्यात दोन चमचे चरबी, दोन चमचे मैदा, बेसनाच्या लाडवाचं बेसन भाजतो तसा धीराने, बदामी होऊन खमंग वास येईपर्यंत परता. गरम रस्सा थोडा थोडा घालत फेटत जा, गुठळी होणार नाही. दहा मिनिटं मंद उकळा. चमच्याच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली की दाटपणा झाला. मीठ आत्ता, चाखून. रोस्टच्या ट्रेमध्ये जे काही चमचाभर असेल ते घाला. चव सपाट वाटली तर व्हिनेगरचे चार थेंब. फार आंबट-तुरट वाटली तर रेड करंट नावाच्या लाल बेरीच्या जेलीचा छोटा चमचा. गॅस बंद करून ३० ग्रॅम थंडगार लोणी फेटा. तकाकी त्यानेच येते, पण लोणी घातल्यावर पुन्हा उकळलंत तर ग्रेव्ही फाटते आणि वर तेलाचे डोळे तरंगतात.

पावणेसातला बटाटे, पुडिंग बाहेर, ओव्हन जास्तीत जास्त, २५० अंश किंवा त्याच्या वर. ओव्हन पूर्ण तापला की मांस आत, सहा ते दहा मिनिटं. इथे मात्र काचेसमोर उभे राहा. चरबी तडतडते, फुगते, साल डोळ्यांदेखत सोनेरीवरून गडद तांबूस होते. धुराचा अलार्म वाजू शकतो, खिडकी उघडून ठेवा. विश्रांती आधीच झाली आहे, त्यामुळे बाहेर काढून लगेच कापता येतं.

कापणं आणि वाढणं

सुतळी कापा, हाडं बाजूला करा, तुकडा आडवा ठेवा आणि लांब, धारदार सुरीने करंगळीएवढ्या जाडीचे काप करा. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा गुलाबी रंग, बाहेर फक्त नखाएवढी तपकिरी किनार, असं दिसलं की समजा जमलं. फळीवर रस फारसा सांडणार नाही. दोन्ही टोकांचे काप जास्त शिजलेले असतात, ते गुलाबी न खाणाऱ्यांसाठी ठेवा. तरीही कोणी नाक मुरडलं तर त्याचा काप उकळत्या ग्रेव्हीत मिनिटभर बुडवून द्या, गुलाबीपणा जातो. माझे सासरे इथे आले होते तेव्हा सगळे काप असेच गेले, आणि नंतर त्यांनी ग्रेव्ही वाटीने मागितली.

सोबत हॉर्सरॅडिश हवंच. किसलेलं मूळ, घट्ट क्रीम, चिमूटभर मीठ, थोडं लिंबू. मोहरी फेसली की जशी टाळूतून नाकात जाते तशीच ही झणझण. दोघी एकाच कुळातल्या.

आणि एक मराठी यजमानांसाठी. बीफ न खाणारे पाहुणे असतील तर मांस वेगळं ठेवून भागत नाही. बटाटे त्याच चरबीत, पुडिंगमध्ये तीच चरबी, ग्रेव्ही तर हाडांचीच. त्यांचे बटाटे तेलात, वेगळ्या ट्रेमध्ये करा आणि निमंत्रण देतानाच सांगून ठेवा.

हाडं कोणाच्या ताटात गेली नसतील तर उचलून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांना मोहरीची पेस्ट आणि पावाचा चुरा लावून कडक ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. उरलेले काप मात्र पुन्हा गरम करू नका, पातळ कापून ब्रेडमध्ये थंडच घाला, आणि त्यावर फ्रिजमधली ग्रेव्ही लावा. ती रात्रीत पुन्हा जेली झालेली असते, सुरीने लोण्यासारखी पसरते.